झाकणावर बसलेली बाई

माझी बायको बेबी कामावर नाकाला कधी पदर लावत नसे. चाळणीवरच्या बाकीच्या बाया दुपट्ट्याचे दोन-तीन वेढे देऊन नाकतोंड बांधायच्या, कोणी त्यात कापराची वडी खोचायची. बेबी मात्र पदर कमरेला खोचून उघड्या तोंडाने उभी. गावाचं सगळं सांडपाणी जिथे येऊन पडतं त्या खड्ड्याच्या काठावर, आणि चेहरा असा की जशी चुलीपुढे बसली आहे. मी तिथे नवीन लागलो तेव्हा मला दिवसातून दोनदा ओकारी यायची. मी म्हणालो, "अवं, नाक तरी बांध." ती म्हणाली, "नाक बांधून हे काम करनं म्हंजे डोये बांधून सयपाक करनं होय. करपलं त समजन कसं?"

बेबी हे तिचं कागदावरचं नाव. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पोरीला लाडाने बेबी म्हणतात आणि मग तेच नाव शाळेत, रेशनकार्डावर, हजेरीवर चढतं. केस पांढरे झाले तरी बाई बेबीच राहते. नवा सुपरवायझर हजेरी घेताना "बेबी कौन है?" म्हणून इकडेतिकडे पाहायचा. ही कचरा ओढायचं दाताळं खांद्यावर टाकून पुढे व्हायची आणि म्हणायची, "मीच होय. दूध सुटलं हाय माह्यं."

मी सातवी नापास. बाप भिलाईला कारखान्यात ठेक्यावर आला, मीही बरीच वर्षं तिथेच ठेक्यावर राबलो. ते काम सुटलं तेव्हा हुडको वसाहतीच्या मागे एका भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं आणि आमची एकुलती पोरगी ममता. बेबी तोवर सांडपाण्याच्या केंद्रावर चाळणीची मजूर म्हणून लागलेली होती. मला तिथे तिनेच नेलं. मला लाज वाटत होती. जातभाईंना काय सांगायचं? बेबी म्हणाली, "सांगा, पान्याच्या डिपार्टमेंटात हावो म्हनून. खोटं हाय का?"

आमच्या वाट्याचा भाग लहानच होता. जमिनीखालच्या मोठ्या नळातून पाणी खोल खड्ड्यात यायचं. तिथे लोखंडी सळ्यांची तिरपी चाळणी. चाळणीतून निघालेलं पाणी विहिरीत पडायचं. विहिरीच्या तोंडावर लोखंडी झाकण, आत उतरायला भिंतीत पायऱ्या. विहिरीतले पंप ते पाणी वर उचलून रेतीच्या हौदात टाकायचे, तिथे रेती खाली बसायची आणि पाणी पुढच्या तळ्यांकडे जायचं. पुढे त्याला हवा देतात, जंतू पोसतात, ते शिकलेल्यांचं काम. आमचं काम पहिल्या दारावरचं. बेबी चाळणीवर, मी पंपावर हेल्पर. या कामाचं सारं शास्त्र तिने एका वाक्यात बसवलं होतं. "आडवं येते ते उचला, बसते ते बसू द्या, बाकीचं पुढच्या घरचं."

लोक आमच्या घरी चहा प्यायला कचरायचे. शेजारच्या एका बाईने कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला, तेव्हा बेबी तिला एवढंच म्हणाली, "बाई, हंडाभर पान्यात चिमूटभर घान असते. नाव मात्र साऱ्या हंड्याचं खराब होते. मानसाचंही तसंच." त्या बाईने चहा प्यायला. मला हे नंतर इंजिनिअर साहेबांकडून कळलं की तिचं म्हणणं हिशोबाला धरून होतं. सांडपाणी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. घाण फार थोडी. तेवढी थोडी काढायला मात्र एवढा कारभार लागतो.

पाण्यावरून तिला गाव कळायचं. सकाळी लोकांच्या आंघोळी झाल्या की ते पाणी नळानळातून वाट काढत आमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागतो. ती काठावर उभी राहून वाट पाहायची. रविवारी पाणी उशिरा चढायचं. म्हणायची, "आज गाव उशिरा उठलं. उठा बाप्पा, आमाले घरी जाचं हाय." परीक्षा संपून नेहरू नगरातली कोचिंगची पोरं आपापल्या गावी गेली की पाणी उतरायचं. तीजाच्या सणाला बाया माहेरी गेल्या की भांड्याच्या साबणाचा फेस कमी. आणि रंगावरून तर ती ताबडतोब सांगायची. राखेच्या रंगाचं पाणी असलं तर म्हणायची, "ताजं हाय." काळं आलं की, "शिळं हाय. कुठंतरी तुंबून बसलं होतं." भाजीला लावायचे शब्द ती त्या पाण्याला लावायची. पहिल्यांदा ऐकताना मला किळस आली. मग मीही तसंच बोलू लागलो.

चाळणीवर काय अडकायचं ते सांगत नाही, जेवणारा माणूसही वाचत असेल. चिंध्या, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पोरांचे लंगोट, पूजेची फुलं, एवढं सांगतो. ती दाताळं खालून वर ओढायची, एका दमात, आणि वर आलेलं सगळं जाळीच्या ताटावर निथळत ठेवायची. बाकीच्या बाया ओलंच ढकलगाडीत टाकून मोकळ्या व्हायच्या. ही ओरडायची, "निथळू द्या वं. पानी गाडीत भरून फेकाले नेता का?" आणि मग गावाकडे तोंड करून म्हणायची, "या गावाले संडास अन कचऱ्याचा डब्बा यातला फरक कोनी सांगतला नाई वाटते."

तेव्हा आमच्याकडे कुरुप साहेब म्हणून जुने इंजिनिअर होते. केरळचे. हिंदी बोलताना शब्द तोंडात गोल फिरवायचे. ते शिकाऊ इंजिनिअर पोरांना घेऊन यायचे आणि उभ्या उभ्या समजावायचे. एकदा रेतीच्या हौदापाशी सांगत होते की पाणी एवढ्याच वेगाने गेलं पाहिजे की रेती बसेल पण घाण बसणार नाही, ती वाहतीच राहील. पोरं वहीत आकडे लिहीत होती आणि तोंडं कोरी. बेबी बाजूला रेती भरत होती. म्हणाली, "साहेब, म्हंजे तांदूळ रोयतो तसं." कुरुप साहेबांनी विचारलं, "क्या करता?" दुसऱ्या दिवशी तिने घरून गंज, म्हणजे पातेलं, आणला, मूठभर तांदूळ आणि मूठभर खडे. पाणी घालून गंज हलकेच हलवत, कलता करत, तिने तांदूळ दुसऱ्या भांड्यात उतरवले. खडे तळाला राहिले. "हळू केलं त तांदूयही बसते. जोरात केलं त खडेही जाते. हातालेच समजते ते." आम्ही धानाच्या मुलखातले, तांदूळ रोळल्याशिवाय चूल पेटत नाही. कुरुप साहेब पोरांना म्हणाले, "किताब बंद करो. यही है."

त्या दिवसापासून कुरुप साहेब तिला मास्टरनी म्हणत. ती रोज हौदातली रेती मुठीत घेऊन नाकाशी न्यायची. रेतीला घाण वास आला म्हणजे पाणी फार सुस्त चाललं आहे, रेतीबरोबर नको ते बसतं आहे. मग ती पंपघराकडे पाहून हाक मारायची, "अजी, एक नाली बंद करा." हौदाला दोन नाल्या होत्या, एक बंद केली की दुसरीत पाणी जोर धरायचं आणि रेती धुतल्यासारखी निघायची. चार माणसांपुढे बायको मला हुकूम सोडते याचा मला राग यायचा. पण नाली बंद करायचो, कारण तिचं बरोबर असायचं.

कुरुप साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आम्ही सगळ्यांनी ऐकली आणि लक्षात एकट्या बेबीने ठेवली. विहिरीत पाणी साचून सडलं की विषारी हवा होते. सडलेल्या अंड्यासारखा वास. साहेब म्हणाले, जोवर वास येतो तोवर तुमचं नाक जिवंत आहे. हवा फार वाढली की आधी नाक मरतं, वास बंद होतो, आणि मग माणूस. "बास जाए, तो भागना." वास गेला की पळा. पोरं हसली, कारण साहेब 'भागना' मोठ्या गमतीने म्हणाले. कुरुप साहेब रिटायर होऊन गावी गेले. त्यांच्या मागून केंद्र ठेकेदाराकडे आलं आणि ठेकेदाराचा सुपरवायझर आला.

तो वाईट माणूस नव्हता. घाईचा होता. त्याने मला सांगितलं होतं की पंप ऑपरेटरच्या पक्क्या जागेसाठी नावं पाठवायची आहेत आणि त्यात माझं नाव आहे. पक्की जागा म्हणजे काय, हे ठेक्यावर जन्म घालवलेल्या माणसाला विचारा. सुट्टीच्या दिवसाचा पगार. आजारी पडलो तर उद्या पुन्हा हजेरीवर नाव असेल याची खात्री. ममता तेव्हा बारावीत होती. मी तिला सांगून टाकलं होतं, गल्लीत सांगून टाकलं होतं. बेबी म्हणाली होती, "कागद आल्यावर सांगा ना." पण मला दम कुठला.

पोळ्याच्या आसपासचे दिवस. झड लागली होती. पावसाचं पाणी गटारात शिरून आमच्याकडे तिप्पट पाणी येत होतं आणि त्यासोबत कचरा. चाळणी तुंबली. बाया कमी केलेल्या होत्या, बेबी आणि आणखी एक, दोघींच्या हाताने ते आवरेना. सुपरवायझरने चाळणीचा एक भाग उचलून ठेवायला लावला, पाणी जाऊ द्या म्हणाला. पाणी गेलं आणि चिंध्याही गेल्या. पंप जाम झाला. दुसरा पंप आधीच बिघडलेला. मग येणारं पाणी बाजूच्या नाल्याकडे वळवलं आणि विहिरीतलं जिथल्या तिथे राहिलं. दोन दिवस. बेबी म्हणाली, "शिळ्यावर झाकन ठेवलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर मला म्हणाला, "मोतीराम, नीचे उतरके कपड़ा निकाल दो, पंप चालू हो जाएगा." मनीरामने झाकण उघडलं. मनीराम माझ्यासोबतचा हेल्पर, इथलाच छत्तीसगढी, भला माणूस. असा वास सुटला की आम्ही मागे झालो. सुपरवायझर म्हणाला, थोडा वेळ उघडं ठेवा. आम्ही तिथेच उभे राहून बिड्या ओढल्या. ती हवा पेट घेते, बिड्या विहिरीपासून दूर जाऊन ओढायच्या असतात, एवढीही अक्कल आम्हाला नव्हती. मग हळूहळू वास गेला. सुपरवायझर वाकून म्हणाला, "देखो, अब बास नहीं है. साफ हो गया. उतरो." मी शर्ट काढला.

बेबी फाटकाकडून कचऱ्याची गाडी रिकामी करून येत होती. लांबच्या कडुनिंबापाशीच थबकली. गाडी सोडली आणि भराभर आली. झाकणापाशी येऊन खाली बसली, तोंड आत नेलं आणि लगेच मागे घेतलं. मला म्हणाली, "नाई उतराचं."

"वास नाई आता," मी म्हणालो.

"तेच तं. त्या कडुनिंबापाशी मले वास आला. दहा पावलं जवळ आली, अजून आला. इथं नाई. गेला कुठं मंग? इथं नाक मरून राहिलं तुमचं."

सुपरवायझर हसला. मनीरामही हसला. बेबी मला म्हणाली, "तुमी कडुनिंबापर्यंत जाऊन या. दहा मोठे श्वास घ्या अन परत या. नाई आला वास, त मी सोता तुमाले उतरवते."

एवढंच करायचं होतं मला. चाळीस पावलं जायचं आणि चाळीस पावलं यायचं. मी गेलो नाही. चार माणसं पाहत होती, सुपरवायझर पाहत होता, पक्क्या जागेची यादी त्याच्या हातात होती. बायकोच्या सांगण्यावरून झाडापर्यंत जाऊन वास घेऊन यायचा, हे मला जमलं नाही. मी म्हणालो, "सर वं बाजूला."

तिने झाकण ओढलं. ते एकट्या बाईला ओढण्यासारखं नव्हतं, तरी ओढलं. धाडकन बसलं ते तोंडावर, आणि ती त्याच्यावर मांडी घालून बसली. सुपरवायझर म्हणाला, "ऐ बाई, उठो वहाँ से. काम बंद है." बेबी म्हणाली, "मी नाई उठत. मले उचला." मनीराम जवळ येऊन हळूच म्हणाला, "भउजी, उठ न, साहेब रिसागे हे." साहेब रागावला आहे म्हणे. ती म्हणाली, "रागवू दे. रागवलेला साहेब दिसते तरी. मेलेला मानूस दिसत नाई."

मी तिला तेव्हा चार माणसांत वेडी म्हणालो. म्हणालो, "येडी हाय हे, घरीही अशीच करते." हे मी म्हणालो होतो. चार माणसांत म्हणालो, म्हणून आता चार माणसांत लिहितो आहे. तिचा दंड धरून ओढलं. ती हलली नाही. भाताच्या पोत्यासारखी बसली होती. दुपारी पाऊस आला, पावसातही बसून राहिली. डोळे लाल झाले होते. संध्याकाळी सुपरवायझर शिव्या देत निघून गेला तेव्हा ती उठली, आणि उठताना तिचा तोल गेला. मी धरलं नाही. मनीरामने धरलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने चेनपुली आणली. वरून साखळी बांधून पंप उचलला, चिंध्या काढल्या, पंप खाली सोडला. कोणीच उतरलं नाही. कोणाला काही झालं नाही. सुपरवायझर मला म्हणाला, "देखा? कुछ था ही नहीं. औरत ने तमाशा कर दिया." यादीतून माझं नाव गेलं. पुढच्या महिन्यापासून दोघांचीही हजेरी बंद.

जे झालंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? मी मेलो असतो तर ती खरी ठरली असती. मी जिवंत राहिलो म्हणून ती खोटी. गल्लीत लोक विचारायचे, पक्क्याचं काय झालं? मी म्हणायचो, बायकोने घालवलं. मी नेहरू नगरात एका कोचिंगच्या दारावर चौकीदार लागलो, बेबीने हुडकोत चार घरची भांडी धरली. ताटावर भाजी कमी पडली तरी मी म्हणायचो, "पक्की नोकरी झाकणाखाली गेली." ती म्हणायची, "जाऊ द्या. झाकन बंद होतं ना." एवढंच. ममताही हे ऐकत राहिली. लग्न होऊन रायपूरला गेली, तिथे नवऱ्याला हसून सांगायची, "मेरी आई थोड़ी सनकी है, उसी के चक्कर में पापा की नौकरी गई." बेबीसमोर सांगायची. बेबी पोळ्या लाटत राहायची.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर बेबी मोरीत पाय धूत होती. मी दारात उभा होतो. आदल्या रात्रीच पोळ्यासाठी तिने चांदीची जोडवी राखेने घासून लख्ख केली होती, मी स्वतः पाहिली होती. ती आता तव्यासारखी काळी होती. एका दिवसात. विहिरीवर काम करणाऱ्या बायांची चांदी काळी पडते हे आम्हाला माहीत होतं, पण त्याला महिने लागतात. झाकणाच्या फटीतून जी हवा येत होती तिने एका दिवसात हे केलं होतं. मग झाकणाखाली काय असेल? मी दारात उभ्या उभ्या समजलो. ती बोटं घासत होती. मी वळलो आणि बाहेर जाऊन बसलो.

म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. नोकरी गेल्याचं दुःख कोणावर तरी टाकायचं होतं, ती जवळ होती. एकदा टाकलं की मग परत उचलता येईना. आज बोलू, उद्या बोलू. जितकी वर्षं गेली तितकं तोंड उघडणं जड झालं.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. दुर्गच्या दवाखान्यात ठेवलं. पहिल्या दिवशी नर्स कागद घेऊन वॉर्डभर ओरडत फिरली, "बेबी किसका है? बच्चा किधर है?" बेबी पलंगावरून हात वर करून म्हणाली, "इकडं हाय बच्चा. दात पडून राहिले त्याचे." वॉर्ड हसला. लोकांना तिच्यासोबत हसताना मी शेवटचं तेव्हाच पाहिलं. मग ती वाळतच गेली.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "बेबी, तुझी जोडवी काळी झाली होती त्या दिवशी."

"हो."

"मी पाहिली होती."

"मले मालूम हाय. तुमी दारात उभे होते."

मी म्हणालो, "मंग इतके साल बोलली कावून नाई?"

तिला बोलायला दम लागत होता. "काय बोलू? शिव्या द्याले घरी जिते होते ना तुमी. मेलेला नवरा शिव्या देत नाई." मग तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. ती म्हणाली, "अजी, एक काम करा. ममतेले सांगा. ते मले येडी समजते. बाकी कोनाचं काई नाई. मी हावो तवाच सांगा, माह्यासमोर."

"उद्या येऊन राहिली ना. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी ममता आली. फळं आणली होती, आईचे केस विंचरले. बेबी माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, वाट पाहणं होतं. मी खाकरलो. मग म्हणालो, "मी चहा घेऊन येतो," आणि उठलो. खाली टपरीवर जाऊन उभा राहिलो. दोन चहा प्यालो. पोरीपुढे स्वतःला खोटा पाडायचं होतं, दुसरं काही नाही, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही. परत गेलो तेव्हा बेबी ग्लानीत होती. त्या ग्लानीतून ती उठली नाही. दोन दिवसांनी गेली.

तेरवीनंतर ममता आईच्या साड्या आवरत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. झाकण, कडुनिंब, जोडवी, दवाखाना, सगळं. मला वाटलं रडेल, भांडेल. ती म्हणाली, "उस दिन आप चाय लेने गए थे."

मी हो म्हणालो.

ममता माझ्याशी नेहमी हिंदीतच बोलते. मराठी तिची आईपुरती होती. त्यानंतरचं मात्र ती मराठीत बोलली, आईसारखीच. "तुमी गेल्यावर आई दाराकडं पाहून राहिली होती. सारखी दाराकडंच. मले वाटलं, पानी मांगून राहिली. मी चमच्यानं पानीच पाजत रायली."